पडवीचे आकडे

संगमेश्वरच्या स्टेशनात आमची गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबायची. तेवढ्यात बाबांनी माझ्या तीन बॅगा चढवल्या, सीटखाली सरकवल्या, खाली उतरले आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "सामान मोजून उतरव." एवढंच. एकुलती एक लेक शिकायला आयर्लंडला चालली होती आणि बापाला सुचलं ते हे. आई त्यांच्यावर उखडली. "दुसरं काही नाही का हो सुचलं तुम्हाला?" गाडी हलली तरी तिचं चालूच होतं, त्यामुळे मला धड रडताही आलं नाही. बॅगांवर बाबांनी खडूनं रेघा ओढल्या होत्या: पहिलीवर एक, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन. डब्लिनच्या विमानतळावर पट्ट्यावरून त्या येताना दिसल्या तेव्हा मी खरोखरच मोठ्यानं मोजल्या. तिन्ही आल्या होत्या.

तुमच्यातले जे मागे राहिले त्यांनीही खिडकीशी उभं राहून असलंच काहीतरी म्हटलं असेल. आणि जे माझ्यासारखे निघून आले, त्यांना ते वाक्य अजून पाठ असेल. दोघांसाठीही हे लिहिते आहे.

बाबा आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवायचे. देवरुखचं आमचं घर त्यांनी स्वतः बांधलं. भिंती गवंड्यानं घातल्या, पण छपराचं सगळं लाकूडकाम बाबांचं. तीन खोल्या आणि वर मंगलोरी कौलं. छपराचा सांगाडा त्यांनी आधी अंगणात जमिनीवर जुळवला, मग सुटा करून वर चढवला. कुठलं लाकूड कुठे बसायचं याचा घोळ होऊ नये म्हणून प्रत्येक जोडाच्या दोन्ही तुकड्यांवर पटाशीनं सारखीच खूण कोरली. उभी रेघ म्हणजे एक, फुली म्हणजे दहा. असे तेवीस जोड होते. लहानपणी चटईवर उताणी पडून मी त्या खुणा वाचायची. शाळेत जायच्या आधीच मला आकडे येत होते, पण तेवीसपर्यंतच. पहिलीत बाईंनी पुढचा विचारला तर मी म्हणाले, "संपले." ही गोष्ट आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर ऐकावी लागायची.

मग इकडची वर्षं भराभर गेली. आर्किटेक्चरचं पुढचं शिक्षण, नोकरी, नागपूरच्या समीरशी लग्न, रेवाचा जन्म. आणि दोन हजार अठराला आई गेली. फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. तिकीट, मधल्या विमानतळावरचे ताटकळलेले तास, मुंबई, रत्नागिरीची गाडी, सगळं करून मी दारात उभी राहिले तो तिसरा दिवस होता. अस्थी गोळा करून झाल्या होत्या. बाबांनी माझ्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाले, "एकच आणलीस?" त्यांना दुसरं काय बोलावं ते कळत नव्हतं, हे मला आज समजतं. तेव्हा मात्र ते वाक्य काट्यासारखं रुतलं. बाबांच्या वेळी असं होऊ द्यायचं नाही, हे मी त्याच दिवशी ठरवून टाकलं. त्यांना न विचारता, अर्थात.

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत ते तीन महिन्यांसाठी आमच्याकडे डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनला आले. मार्चात सगळं बंद झालं. सत्तरीपुढच्यांनी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं सरकारनं सांगितलं आणि त्याला नाव दिलं 'ककून' करणं. मी बाबांना त्याचा अर्थ सांगितला. "म्हणजे रेशमाचा किडा केला म्हणा की माझा," ते म्हणाले. विमानं बंद होती, व्हिसाच्या मुदती सरकारच वाढवत होतं. जगावर संकट होतं आणि मला मनातल्या मनात बरं वाटत होतं. लाज वाटते सांगायला, पण वाटत होतं. बाबा माझ्या डोळ्यांसमोर होते.

आमचं ऑफिस डब्लिनच्याच सँट्री भागात. जुन्या इमारतींची लेझरनं घेतलेली मापं येतात, त्यांवरून आम्ही कॉम्प्युटरवर त्या इमारतीची तंतोतंत प्रतिकृती उभी करतो. ऑफिस घरी आलं तेव्हा आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधलं एकुलतं एक टेबल समीरनं आधीच पटकावलं होतं. मी इस्त्रीच्या स्टँडवर लॅपटॉप ठेवून काम करू लागले. मोठी आर्किटेक्ट, आणि काम इस्त्रीच्या स्टँडवर!

त्या वर्षी आमच्याकडे अमेरिकेतल्या काही जुन्या घरांचं काम होतं. अमेरिका म्हटलं की आपल्यासमोर काचेचे मनोरे उभे राहतात. ही घरं अमेरिका नावाचा देश व्हायच्याही आधीची. बोटींनी आलेल्या इंग्रजांनी जंगल तोडून बांधलेली. ओकच्या जाडजूड लाकडांचा सांगाडा, बाहेरून फळ्या, हातरुमालाएवढ्या खिडक्या. आधी एकच खोली, वर तेवढाच मजला आणि तिच्या टोकाला भलंमोठं दगडी धुराडं. चार पैसे आले, पोरं वाढली, की धुराड्याच्या पलीकडच्या अंगाला दुसरी खोली. आणखी पोरं झाली की मागच्या बाजूनं छप्परच खाली लांबवून काढलेली एक बुटकी जागा. पुढून बघावं तर दुमजली, मागून एकमजली. त्या काळी मीठ ठेवायला उतरत्या झाकणाच्या पेट्या असत, तसा आकार दिसतो म्हणून या घरांना मिठाच्या पेटीचंच नाव पडलं.

बाबा माझ्यामागे उभे राहून स्क्रीनकडे बघत होते. मी घर फिरवून मागची बाजू दाखवली आणि ते हसायलाच लागले. "ही तर मागची पडवी! अगो, आपल्याकडं हेच करतात. माणसं वाढली की पडवी काढायची."

मी त्याच पडवीत अडकले होते. घराच्या पुढच्या भागाचं काम टीममधल्या दुसऱ्याकडे होतं, माझ्या वाट्याला फक्त मागचा भाग आला होता. एका लाकडाला जीभ, दुसऱ्याला तेवढंच भोक आणि आरपार ठोकलेली लाकडी खुंटी, असे सगळे जोड. प्रत्येक जोडावर पटाशीच्या खुणा होत्या आणि त्या अठरापासून सुरू होत होत्या. एक ते सतराचा पत्ताच नव्हता. त्या मुलखात घरं सुटी करून दुसरीकडे नेऊन उभी करायची चाल होती, हे मी वाचलेलं. मग मी निष्कर्ष काढून मोकळी झाले: ही पडवी दुसऱ्या कुठल्यातरी मोडलेल्या घराची लाकडं आणून बांधली, पहिले सतरा तुकडे हरवले. मॉडेलमध्ये तिला वेगळा रंग दिला, 'परक्या घराचं लाकूड' अशी टीप लिहिली आणि शुक्रवारी सगळं पाठवायचं ठरवलं.

गुरुवारी जेवताना मी हे बाबांना कौतुकानं सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला.

"हरवलेत कशाला? पुढल्या घरात असतील ते."

"बाबा, पुढचं घर चाळीसएक वर्षं आधीचं आहे."

"मग? सुतार तेवढ्यात मेला असंल कशावरून? आणि मेला असंल तर त्याचा पोरगा असंल. पडवी त्याच घराची, म्हणून आकडा पुढं चालू ठेवला त्यानं. एकपासून मोजली असती तर ते वेगळं घर झालं असतं."

मी हात धुतले आणि पुढच्या घराची फाइल उघडली. माळ्यावरच्या जोडांचे फोटो होते. शेवटची खूण सतरा. बाबांनी चष्मा कपाळावर चढवून नाक स्क्रीनला टेकवलं. "तिसरी रेघ बघ. दोन्हीकडं जरा खाली घसरल्ये. बाप असो नाय तर पोरगा, सवय एकाच घरातली."

इतकी वर्षं तेवीस आकड्यांच्या खाली झोपलेली मी, आणि मला हे सुचू नये! मी परका रंग पुसला आणि पूर्ण घर एकाच रंगात रंगवलं. पुढच्या मीटिंगमध्ये काम देणाऱ्या अमेरिकेतल्या बाईंनी विचारलं की हे कुणाच्या लक्षात आलं. माझ्या वडिलांच्या, मी म्हटलं. ते इतिहासकार आहेत का? नाही, ते सुतारकाम शिकवायचे. बाबांना हे सांगितलं तर रेवाकडून उचललेला, इकडे 'छान' म्हणायला वापरतात तो शब्द त्यांनी मला ऐकवला. "ग्रँड," ते म्हणाले.

माझी खात्री पटली की बाबा आता इथे रुळले. मे महिन्यात त्यांना फिरायला परवानगी मिळाली तशी समोरच्या डेक्लनशी त्यांची गट्टी जमली. डेक्लन बसचा निवृत्त ड्रायव्हर. एकमेकांचं इंग्रजी दोघांनाही निम्मंच कळायचं, पण त्यांचं काही अडत नसे. डेक्लननं त्यांना सांगितलं, की त्याच्या आजीच्या गावात कुणी अमेरिकेला निघालं की आदल्या दिवशी घरात मयताला जमावं तशी माणसं जमत. खाणंपिणं, गाणी आणि रडारड. कारण गेलेला परत येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असायचं. बाबांनी मला ते मराठीत सांगितलं आणि वर म्हणाले, "बरी पद्धत. एकदाच रडून मोकळं."

त्याच सुमारास देवरुखहून एका मास्तरांचा फोन आला. घर रिकामं आहे तर विकणार का, त्यांना शाळेजवळ जागा हवी होती. मी होकाराच्या बेतानंच बोलले. समीर म्हणाला, "आधी बाबांना तर विचार." मी विचारायला पुढचा जानेवारी उजाडू दिला. विचारलं तेही असं, की उत्तर ठरल्यासारखं. "बाबा, आता तिकडे आहे कोण? ते घर देऊन टाकू आणि तुम्ही कायमचे इथेच राहा. त्यासाठी काय करावं लागतं ते मी बघते."

बाबा खिडकीबाहेर बघत होते. वळून त्यांनी माझ्या इस्त्रीच्या स्टँडकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुला धड मेज नाय. ते करतो आधी. मग बोलू."

दुकानं पुन्हा बंद होती. डेक्लनकडे त्याच्या वडिलांची हत्यारांची पेटी होती, मेयो या त्यांच्या मूळ भागातून आणलेली, वर्षानुवर्षं न उघडलेली. ती त्यानं आमच्या दारात आणून ठेवली आणि दोन पावलं मागे सरकून उभा राहिला. बाबांनी एकेक हत्यार उचलून बोट फिरवलं, पातं उजेडाला धरलं आणि कपाळाला लावून परत ठेवलं. डेक्लनचे डोळे भरून आले. लाकूड म्हणजे त्याच्या भाच्याच्या साइटवरच्या परांचीच्या जुन्या फळ्या आणि थोड्या चौकटी. बाबांनी रंधा मारून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. "पाइन म्हणे! लाकूड नाय, काकडी आहे ही."

चार महिने ते टेबल चाललं होतं. फ्लॅटच्या चिंचोळ्या गॅलरीत ते सकाळी दोन तास काम करायचे, पाऊस आला की आत. रेवा शाळेचा ऑनलाइन वर्ग सोडून त्यांच्यापाशी जाऊन बसायची. ते मराठीत सांगत, ती तिच्या आयरिश इंग्रजीत उत्तर देई. "आजोबा, व्हाय नो नेल्स?" आजोबा म्हणत, "खिळा मारला की लाकूड अडकलं. खुंटी काढता येते." मी आतून ऐकायची आणि खूश व्हायची. वाटायचं, माणूस मन रमवतोय. मन रमलं की राहील.

टेबल झालं. साधं, चार पायांचं, वर दोन फळ्या जोडलेल्या. त्याला ना खिळा होता ना गोंद. मी त्यावर लॅपटॉप ठेवला आणि इस्त्रीचं स्टँड कपाटामागे गेलं. डेक्लन दारातून बघून, बाबांकडे बोट करून मला म्हणाला, "युअर मॅन इज अ जीनियस." त्या आठवड्यात बाबांनी सांगितलं, "विमानं सुरू झालीत ना? माझं सप्टेंबरचं तिकीट काढ."

मी भांडले. मोठ्यानं भांडले. एरवी आम्ही भांडणाऱ्यांतले नाही, त्यामुळे कसं थांबायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं. तिकडे दुसऱ्या लाटेत काय झालं ते पाहिलंत ना, एकटे कसे राहाल, कोण बघेल, सगळं बोलून झालं आणि मग जे बोलायचं नव्हतं तेही बोलले. "आईच्या वेळी मी पोचले नाही. तुमच्याही वेळी पोचणार नाही!"

बाबा शांतपणे म्हणाले, "नाय पोचलीस तर नाय पोचलीस. तुझी धावपळ वाचावी म्हणून मी हितं मरायला बसू काय गो?"

समीर स्वयंपाकघरात होता, त्याच्या हातून झाकण पडलं. मला हसू आलं आणि त्याच क्षणी हुंदकाही. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदाच. "तिकडं मला सकाळी उठून काय करायचं ते माहीत असतं," ते म्हणाले. "हितं मी तुला विचारून उठतो." मी लॅपटॉप उघडला आणि सप्टेंबरची तिकिटं बघू लागले.

सप्टेंबरात आम्ही त्यांना विमानतळावर सोडलं. मास्कमुळे नुसते डोळे दिसत होते आणि तेवढ्यावरून त्यांचं काही कळेना, ते पूर्वीही कळायचं नाही. दोन बॅगा आणि एक पिशवी. रेवानं घरून खडू आणला होता, तिनं तिन्हींवर रेघा ओढल्या. मी खूप काही ठरवून आले होते. तोंडातून निघालं एवढंच, "सामान मोजून उतरवा, बाबा." ते थबकले, मान हलवली आणि आत गेले. आईनं ऐकलं असतं तर मलाही झापलं असतं.

नोव्हेंबरात आम्ही डब्लिनपासून तासाभरावरच्या मलिंगारला राहायला गेलो. डब्लिनच्या भाड्यांनी जीव नकोसा केला होता आणि काम घरूनच होतं. निघायच्या दिवशी फ्लॅटच्या दारातून टेबल बाहेर पडेना. आडवं केलं, उभं केलं, तिरकं केलं. बाबांनी तुकडे गॅलरीत केले आणि टेबल आतच जुळवलं होतं, हे आमच्या ध्यानातच नव्हतं. खाली सामानाची व्हॅन उभी होती. समीर घामाघूम होऊन म्हणाला, "पाय कापू या का? नाही तर राहू दे, तिकडे नवीन घेऊ." मी इतक्या जोरात "नाही" म्हणाले की जिन्यातून वर येणारा व्हॅनवाला खालीच थांबला.

मी ते उलटं केलं. टेबलाखाली कोण कशाला बघतं? सहा महिने मी त्याच्यावर काम केलं होतं, खाली एकदाही पाहिलं नव्हतं. प्रत्येक जोडाच्या दोन्ही तुकड्यांवर खुणा होत्या. बारीक, स्वच्छ, पटाशीच्या. तेव्हा मला चार महिन्यांचा हिशेब लागला. ज्या दिवशी मी त्यांना कायमचं राहा म्हटलं, त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी सुटं करून नेता येईल असं टेबल करायला घेतलं होतं. ते इथे राहणार नव्हते हे त्यांनी ठरवलं होतंच, पण मीही एका जागी राहणार नाही हे माझ्याआधी ओळखलं होतं.

समीर टॉर्च धरून खुणा वाचत होता. हे वाचायला आता तोही शिकला होता. "दोन फुल्या, चार रेघा. चोवीस. हे पंचवीस, हे सव्वीस..." तो सगळ्या पायांभोवती फिरून आला. "जोड आठच आहेत. मग एक ते तेवीस कुठे गेले?"

मी फरशीवर बसले आणि रडले. जिन्यात व्हॅनवाला होता, दारात रेवा होती, मी कुणाची पर्वा केली नाही.

हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी खुंट्या निघाल्या. आठ तुकडे आणि वरच्या फळ्या, सगळं एका चादरीत मावलं. मलिंगारला खिडकीशी आम्ही ते परत जुळवलं, चोवीसला चोवीस, पंचवीसला पंचवीस. अर्धा तास लागला नाही. मग मी बाबांना फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती, मागे रेडिओ ऐकू येत होता.

"बाबा, टेबल नीट पोचलं."

"मोजून उतरवलंस?"

"मोजून. चोवीस ते एकतीस."

पलीकडे रेडिओचा आवाज कमी झाला. "बरोबर," बाबा म्हणाले. "बाकीचे हितं आहेत. पडल्या पडल्या दिसतायत मला."

दुसऱ्या दिवशी, अजून आशेवर असलेल्या मास्तरांना फोन करून मी घर विकायचं नाही असं कळवलं. बाबांना फोन करताना मनात अजूनही धसका असतो, ते उचलेपर्यंत मी रिंगा मोजत असते. ती भीती गेलेली नाही आणि जाणारही नाही. पण एक बदललंय. इथे नव्यानं भेटलेली माणसं विचारतात, तुझं घर कुठे? पूर्वी मी अडखळायची, देवरुख म्हणावं की डब्लिन. आता रेवा टेबलाखाली उताणी पडून तिच्या बोबड्या आयरिश मराठीत मोजत असते, आणि तिची सुरुवात चोवीसपासून होते. एक ते तेवीस येत नाहीत का, असं तिच्या नव्या शाळेतल्या मैत्रिणीनं विचारलं, तर ती म्हणाली, "दे आर इन द फ्रंट पार्ट ऑफ द हाउस. वी लिव्ह इन द पडवी."